बाविसांत तेविसावा

मला सिद्धांत कळत नाही. मी पंप दुरुस्त करतो.
ऑर्हुसच्या या तळघरात सव्वीस हिवाळे
पोलादी भांड्याला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून
तीन दिवस, तीन रात्री भाजत आलोय.
आतली शेवटची वाफही निघून जाते.
उरतं त्याला ही मंडळी निर्वात म्हणतात,
मी म्हणतो, धुतलेलं काहीच-नाही.

सोनं शर्टाच्या बटणाएवढं.
आर्गॉनच्या माऱ्यानं त्याची साल काढायची,
तापवायचं, निवू द्यायचं.
मग टंगस्टनची सुई वरून फिरते, शिवत नाही,
आणि पडद्यावर चित्र उतरतं ओळीओळीनं.
रस्त्यावरून बस गेली की थरथरतं.

मार्युन फेरो बेटांवरची. बोलते कमी.
वडिलांची होडी होती. होती, एवढंच सांगितलंय तिनं.
काल रात्री अडीचला चित्र स्थिर झालं:
जोडीजोडीनं चाललेले उंचवटे,
मध्येच वळणारे, पुन्हा उलटे वळणारे.
हेरिंगचा काटा, ती म्हणाली.
पुस्तकातही हेच नाव आहे म्हणे,
पण ती बोलली ताटात बघून बोलावं तसं.

असं का होतं?
तिनं हातातला काळा पाव खाली ठेवला.
आतल्या अणूला बारा शेजारी. वरच्याला नऊच.
डोक्यावर कोणी नाही.
मग वरचे एकमेकांना ओढून धरतात,
इतके, की बाविसांच्या जागेत
तेविसावा येऊन बसतो.
काही खळीत नीट मावतात,
काही ना या खळीत ना त्या, जरा वर उचलले जातात.
किती वर?
अणूच्या उंचीचा दहावा हिस्साही नाही.

आणि वळतं का?
ताण असतो. एकाच दिशेनं किती सोसणार.

बराच वेळ नुसती पंपाची घरघर.
मग आपणहून:
बाबा गेले त्या हिवाळ्यात
स्वयंपाकघरातल्या आमच्या बाकावर
आई शेजारच्या बियार्न्हिलला पण बसवायची.
बाक पाच जणांचं. आम्ही सहा.
सूप पिताना कोपरं लागायची.

पहाटे पडद्यावर एक पांढरा ठिपका आला,
नेमका वळणावर.
घाण, मी म्हणालो, परत तापवावं लागेल.
राहू दे ना, ती म्हणाली, सकाळपर्यंत.

वहीत मी दाब लिहिला, वेळ लिहिली.
शेरा: पाहुणा एक.