रुमालाखाली

शाहूपुरीच्या गूळबाजारात आबा हमाल होते.
रव्यांचा सौदा तिथं तोंडानं व्हायचा नाही.
अडत्या आणि व्यापारी, दोघांचे हात एका रुमालाखाली,
बोट दाबलं की भाव,
अर्धं मोडलं की त्यातली घट.
आम्ही पोरं चेहरे वाचायला बघायचो.
चेहरे कोरे.
भाव कळायचा तो चिठ्ठी फाडल्यावर.

हे आठवलं, कारण होळीच्या आसपास
कसबा बावड्यात, कोर्टासमोरच्या चहाच्या गाड्यावर
एक माणूस शेजारी येऊन बसला. साधा शर्ट, नवी वही.
"हेरवाडकरबाईंचे लघुलेखक तुम्हीच ना?
कशा होत्या?"

म्हणजे नाव गेलंय तर.
दिल्लीत पाच जण बसले असतील दार लावून,
एका नावावर बोट ठेवून, दुसऱ्यावरचं उचलून.
मग कायदामंत्र्यांचं टेबल, मग आणखी कुठली कुठली टेबलं,
आणि सगळ्यांत शेवटी राष्ट्रपती,
ज्यांच्यासमोर निवडायला नाव एकच उरतं
आणि खाली सहीपुरती जागा.

काय सांगणार होतो?
अकरा वर्षं त्यांचे निकाल टाईप केले.
एकदा गगनबावड्याच्या बाईचा वाटणीचा दावा होता,
मी आपला ओघात लिहून गेलो, "बिचारी वादी".
बाईंनी पेनानं "बिचारी" खोडलं.
"कुंभार, तिला कीव नकोय, वाटा हवाय.
आणि समोरच्याला वाटेल, निकाल आधीच ठरला होता."
सगळं पान पुन्हा काढायला लावलं.
शनिवार होता. माझी एस.टी. चुकली.

हे वहीत कुठं बसणार?
मी म्हणालो, "बाई? कडक. पण सरळ."
त्यानं काहीतरी लिहिलं.
कडक लिहिलं की सरळ, दिसलं नाही,
वहीवर त्यानं हात आडवा धरला होता.
चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

आता बाररूममध्ये कुणी म्हणतं, फाईल परत आली.
कुणी म्हणतं, पुन्हा पाठवली.
कारण? कारण कुणाला ठाऊक.
आमच्या खालच्या कोर्टात
कारणाशिवाय निकाल दिला तर अपिलात उडतो.

आबा म्हणायचे, भाव कुणी बी ठरवू दे,
रव्याचं वजन पाठीला कळतंय.
मला त्या पानाचं कळतं,
पुन्हा काढलेल्या.
त्याला तेवढं तरी सांगायचं होतं.