अठरावा, म्हणजे सतरा

शिरोलीच्या फाउंड्रीत मी हजेरीचा प्रोग्राम सांभाळते.
अठरा मोल्डर, एका ॲरेत अठरा नावं,
मोजणी शून्यापासून,
म्हणून अठरावा माणूस माझ्याकडे सतरा.
टाइमकीपर भूपालअण्णांना हे कधीच पटलं नाही.
"शून्यावर माणूस हुबा कसा ऱ्हाईल, पोरी?
शून्य म्हंजे गैरहजर."

मालक सकाळी खुर्चीच्या पाठीशी येऊन थांबले.
ऑर्डर घटलीय, भट्टी एकच पाळी पेटणार.
"एक कमी कर. शेवटचा."

एका ओळीचं काम.
पहिला काढला असता तर मागच्या सतराही जणांना
एकेक घर पुढे सरकावं लागलं असतं,
प्रत्येकाचा नंबर बदलला असता,
कुणीतरी मान वर करून विचारलं असतं.
शेवटचा काढला की कुणाला धक्का लागत नाही.
रंकाळ्यावर कट्ट्याच्या टोकाचा माणूस उठून जावा
आणि बाकीचे शेंगा सोलत राहावेत, तसं.
अण्णांच्या जुन्या रजिस्टरातही हेच होतं.
नवा माणूस ते सहा महिने पेन्सिलीनेच लिहायचे.

पण शेवटचा कोण, हे रांग कशी लावली त्यावर.
मी सहज वर्णमालेने लावून बघितली.
संगणक क्षला क-मध्येच कोंबतो,
शाळेतला तक्ता आठवून तो नियम मी हाताने लिहिला.
नावं पत्त्यांसारखी पिसली गेली,
आणि सतरावर येऊन बसले
पृथ्वीराज क्षीरसागर, मालकांचे भाचे,
ज्यांच्या बुटाला अजून वाळू लागलेली नाही.

एकटीच हसले.
मग गाडीचा हप्ता आठवला,
आणि रांग पुन्हा रुजू तारखेने लावली.

सतरा : इकबाल शिकलगार.
दसऱ्यानंतर लागलेला. आजोबा तलवारींना धार लावायचे,
हा साच्याची कड बोटाने अशी पुसतो की
कास्टिंग घासावं लागत नाही.
ओळ चालवली.
लांबी विचारली. सतरा.

या फंक्शनची एक रीत आहे.
ते काढलेलं टाकून देत नाही,
काढतं आणि तुमच्यापुढे धरतं :
घ्या, नाव द्या, ठेवा कुठेतरी.
बहुतेक जण हात पुढे करत नाहीत.
तीन वर्षांत मीही केला नव्हता.

दुपारी इकबाल हातमोजे आणि पितळी बिल्ला
माझ्या टेबलावर ठेवून गेला नाही, उभाच राहिला.
नखात काळी वाळू.
"म्याडम, आता शेवटाला कोण?"

बघितलं नव्हतं मी.
बघितलं.
सोळा : धोंडिराम खोत, बारा वर्षांची नोकरी.
तो जागचा हललासुद्धा नव्हता,
खिडकीबाहेर नळावर डबा विसळत होता,
झाकणाची रबर बोटाने ताणून पाहत,
आणि सकाळपासून शेवटचा होता.

"मग त्यास्नी सांगू नगा," इकबाल म्हणाला.

अण्णा चष्मा पुसत होते.
"आन् सगळीच काढून झाली की गं?"
रिकाम्या रांगेतून काढायला गेलं, तर मशीन चिडत नाही, अण्णा.
काहीच नाही, एवढंच म्हणतं.
"म्हंजे आमच्या पेन्शनीवानी," ते म्हणाले,
आणि चष्मा पुन्हा पुसायला लागले.

मी ती ओळ उघडली.
डावीकडे एक नाव लिहिलं, मग बरोबरचं चिन्ह.
नुसतं लिहून काय होतं?
उद्यमनगरात दोन शेड ओळखीच्या आहेत.
पहिल्याने पावसाळ्यानंतर बघू म्हटलं.
दुसरीकडे रिंग जातेय.
बिल्ला माझ्या मुठीत गरम झालाय.
त्यावर छिन्नीने ठोकलेला आकडा
अठरा आहे.