कंदील आधी

हरिपूरच्या पेवात उतरायच्या आधी
वडील दोरीनं कंदील सोडायचे.
वरचं तोंड एका माणसापुरतं,
खाली पोट खोलीएवढं, आणि त्यात
तीन-चार वर्षं अंधारात निजलेली हळद.
ज्योत टिकली तर माणूस उतरणार.
विझली तर लिंबाखाली बसून विडी ओढायची,
पेवाला श्वास घेऊ द्यायचा.
शेठ कितीही ओरडू दे.

आता पेवं बुजली. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते,
वखारभागात, झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली.
शनिवारी नेमगोंडा आण्णांचा फोन आला:
"पोरी, एक बिल उघडंना झालंय.
सगळ्या नावांना कसलं तरी शेपूट फुटलंय."
म्हटलं, आधी निळी वायर उपटा. मी निघालेच.

आडतीत कीबोर्डच्या फटीसुद्धा पिवळ्या.
पडद्यावर इंग्रजीत मागणी: एवढे पैसे, एवढ्या तासांत.
आण्णांनी चष्मा सारखा केला. "घासाघीस होते का?"
रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस.
पण रुमालाखाली धरायला
समोर हात तर पाहिजे.

मेलमध्ये सापडली ती. नाव: सौदा पावती.
चित्र लाल, पीडीएफचं, रोजच्या ओळखीचं.
नावाची शेवटची तीन अक्षरं मशीननं झाकलेली,
बहुतेक मशीनं झाकतातच, म्हणे गिऱ्हाईक गोंधळू नये.
झाकण काढलं. टिंब, ईएक्सई.

आण्णा, बाकी फाइली पोत्यांसारख्या.
फोटो, पत्र, हिशोब,
थप्पीला लागल्या की पडून असतात.
ही पडून राहत नाही. दोन टिचक्या मारल्या की
उठते आणि आत चालू लागते
तुमच्या नावानं, तुमच्याच किल्ल्या घेऊन.
तिची जात वाईट असं नाही,
तुमचं हिशोबाचं सॉफ्टवेअरही ह्याच वाणाचं.
सांगितलं ते करणं हा तिचा स्वभाव.
सांगितलं कुणी, ते बघायचं.

नाव बदला, चित्र बदला,
पोटात पहिली दोन अक्षरं तीच: एम आणि झेड.
कुण्या जुन्या कारागिराची आद्याक्षरं आहेत.
पोतं उलटं करून शिवलं तरी
आडत्याची खूण आतून उमटतेच, तसं.

मग शमशाद बोलली, वहीतून मान वर न करता:
"काल मीच उघडली.
आण्णा चारदा म्हणाले, पावती आली का, पावती आली का."
आण्णांनी टोपी काढली.
परत घातली.

लक्ष्मीच्या तसबिरीमागं, फडक्यात,
दिवाळीत मी दिलेली काळी डिस्क होती.
पूजेला लावलेलं कुंकू
तिच्या तोंडात जाऊन बसलेलं. टाचणीनं काढलं.
दिवाळीपर्यंतचं सगळं मिळालं.
मशीन पुसून कोरं करायला रात्रीचे दहा.
पुढचे तीन महिने शमशाद लाल वहीतून
परत चढवणार, एकेक वक्कल, एकेक वजन.
आण्णा तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले,
"डिस्क आता दर शनिवारी. कुंकू न लावता."

जाताना शमशादला खुर्चीत बसवलं.
उजवं बटण. प्रॉपर्टीज. प्रकार काय लिहिलाय, वाच.
नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाच.
तरी संशय राहिला तर मला पाठव,
दुकानात एक म्हातारं मशीन आहे,
त्याला जगाची वायर नाही,
कुणाची बिलं नाहीत.
त्यात सोडून बघते मी.
विझलं तर विझलं.

मंगळवारी तिचा फोन. आवाज दबका.
"ताई, एक आलंय. कुरिअरचं म्हणतंय.
पूर्ण वाचलं. उघडलं न्हाई. धाडलंय तुम्हाला."
बरं. आणि आण्णा?
"ओरडालेत, लवकर बघ म्हणून."
मग तू काय करतेस?
"मी व्हय? चहा पीत बसलेय."