वाटीभर साखर

गुरुवारी रात्री पावणेदोनला पगाराची फाइल गेली.
कर्वे रोडवरची पतसंस्था, बाराशे माणसांचा मार्च महिना.
बाणेरच्या ऑफिसात चोर शोधत बसलो
मी, तन्वीर आणि गार झालेले दोन वडापाव.

चोर नव्हताच.
एका कारकुनाने अहवाल मागितला होता,
"कुठे ठेवू?" या प्रश्नापुढे
सवयीने टाइप केलं: पगार.
बस्स.
त्याला स्वतःला त्या कपाटाला हात लावायची मुभा नव्हती.
अहवाल काढणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमला होती,
सगळ्याच कपाटांची,
कारण दोन हजार नऊ साली कुणालातरी घरी जायची घाई होती.
दाराशी विचारलं गेलं: तू कोण?
यादीत नाव होतं. दार उघडलं.
कुणाच्या वतीने आलास, हे विचारायला
त्या भाषेत शब्दच नव्हता.

तन्वीर म्हणाला, शेजारीण साखर मागायला आली
तर अम्मी तिला चावी देत नाही,
तिसऱ्या फळीवर डबा आहे, घे, असंही म्हणत नाही.
वाटी भरून हातात ठेवते.
आपण मात्र नावं वाटत सुटलोय.

उजाडेपर्यंत मी ते फंक्शन पुन्हा लिहिलं.
आता त्याला नाव मिळत नाही, पत्ता मिळत नाही,
एक वाटी मिळते.
तीत ओतायचं आणि निघायचं.
घरात पगार नावाचं काही आहे
हे त्याच्या कानावरच नाही.
इतकं निर्धास्त मला कधी
माझ्या स्वतःच्या घरात वाटलं नव्हतं.

दहा वाजता टिळेकर सर म्हणाले, सुंदर आहे,
पण एवढं सगळं बदलायला वर्ष जाईल.
बॅकअप लावला, आणि एक ओळ:
नाव "पगार" असेल तर थांब.
वर शेरा, पेठेतल्या पाटीच्या थाटात:
येथे काही लिहू नये. लिहिल्यास अपमान होईल.
पाटी वाचून थांबणारा
मुळात आत येणारच नसतो.

सोसायटीच्या फाटकावर लोखंडेकाकांनी वही पुढे केली.
अकरा वर्षं ओळखतात. पण नवा नियम,
रात्रभर बाहेर राहिलेल्यांनी नाव, फ्लॅट, वेळ.
मी वेळ लिहीत होते, तेवढ्यात
पाठीवर चौकोनी पिशवी लावलेला एक मुलगा
"चारशे चार" म्हणाला
आणि लिफ्टकडे गेला.

चारशे चार माझा.
मी काही मागवलं नव्हतं.