काच नसलेले चार दिवस

आमच्या येनात पॅराडीस नावाचा थांबा आहे.
स्वर्गच म्हणा. बत्तीस वर्षं मी तिथून
सकाळची सहा बेचाळीसची ट्राम सोडली
आणि नेमक्या त्या क्षणी मनगटावर वेळेऐवजी
आभाळाचा एक चकचकीत तुकडा दिसायचा,
नाहीतर माझीच हनुवटी, घाईत दाढी केलेली.
तळहाताचा आडोसा, हात वाकडा,
मग कुठे काटे सापडायचे.

आता कसली घाई, ग्रिट म्हणते.
पण खोड ती खोड.

ग्रिट भिंगांना लेप देते. रात्रपाळी.
पोलादी भट्टीतली हवा काढून घेतात,
कसलीशी भुकटी तापवतात, तिची वाफ काचेवर बसते.
एक केस सातशेदा उभा चिरावा
इतकी पातळ.
"एक किरण वरून परततो, दुसरा खालून, अर्धं पाऊल मागे.
मी एक म्हणते, तू बरोब्बर उलटं म्हणतोस,
आणि शेजाऱ्यांना काहीच ऐकू येत नाही. तसं."
हे तिनं भांडी विसळता विसळता सांगितलं.
मग हात पुसत:
"गुरुवारी भट्टीत कडेच्या दोन खोबण्या रिकाम्या असतात.
काच काढून दे."

बुधवारी टेबलावर जुना टॉवेल अंथरला.
चावी ओढून काटे थांबवले, मागचं झाकण उघडलं,
यंत्र तबकडीसकट उचलून अंड्याच्या कपात ठेवलं
आणि वर श्नाप्सचा पेला उपडा घातला.
रिकाम्या डबीला पोस्टानं मागवलेला शिकंजा लावला.
पाव फेरा. काही नाही.
पाव फेरा. काही नाही.
नखभर आणखी,
आणि टक्.

"फुटली?" आतल्या खोलीतून ग्रिट.
मी डोळे मिटलेले होते, मला काय माहीत.

फुटली नव्हती.
तिच्यावरचा जुना लेप मात्र स्वस्तातला, ओरखड्यांनी भरलेला.
हिऱ्याची पेस्ट, नमद्याचा तुकडा,
गोल, गोल, बोटं बधिर होईस्तोवर.
रात्री एक वाजता ती निव्वळ काच झाली
(एक वाजला हे भिंतीवरच्या घड्याळानं सांगितलं).

चार दिवस काटे उघडे राहिले, पेल्याखाली,
पावाच्या डब्याशेजारी, नऊ वाजून आठ मिनिटांवर.
मी येता जाता मनगट बघायचो. तिथं पांढरा पट्टा,
बत्तीस वर्षं ऊन न लागलेला.

शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या आयझेनश्मिट बाई आल्या,
खसखशीचा केक घेऊन. आमच्याकडची खसखस काळी.
थांबलेलं घड्याळ बघून त्यांनी आवाज खाली आणला:
"कोण गेलं?"
कोणी नाही, म्हटलं, काच गेलीय, सोमवारी येईल.
त्यांनी पेला उचलून नीट बघितलं. परत ठेवला.
केक छान होता.

सोमवारी पहाटे ग्रिटच्या कोटाच्या खिशातून
टिश्यूत गुंडाळलेली काच आली.
तिरपी धरली की पारव्याचा गळा,
सरळ धरली की काही नाही, फक्त ग्रिटची दोन बोटं
आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा.
मी न झोपता बसवली. शिकंजा, टक्, झाकण, चावी.
दिव्याखाली धरलं तर दिवा नाही.
खिडकीशी नेलं तर खिडकी नाही.
बोट लावलं ते थेट काट्यालाच लागणार, असं वाटून
मागे घेतलं.

आणि चाराच्या आकड्याजवळ
एक काळा ठिपका.

जुन्या काचेतून तो दिसलाही नसता.
आता मात्र त्याचा वाटोळेपणासुद्धा दिसत होता.
ग्रिटनं चष्मा लावला, वाकली,
आणि पहाटे साडेपाचला आमच्या स्वयंपाकघरात
खसखस पिकली. तिला उचकी लागेपर्यंत.

पुन्हा उघडायला हवं. कळतं मला.
काट्याखाली अडकली तर बंद पडेल,
बारा तासांत, नाहीतर बारा वर्षांत.
हात हलला की ती सरकते:
काल सातावर होती, आज ट्रामला थांबलो होतो
तेव्हा अकरापाशी. सूर्य समोर. सहा एक्केचाळीस.
ट्राम कोणी भलताच चालवत होता,
आणि एक मिनिट लवकर आला.