मीठ

औसा रोडवर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर
आमच्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्या.
रात्रीचे साडेदहा. लाइट जाईल म्हणून
माझा एक डोळा इन्व्हर्टरवर.

आज सकाळी मी अब्जावधी जिवाणू फोडले.
ध्वनीची सुई बुडवली : दहा सेकंद चालू, वीस बंद, बर्फात.
मग इतकं गरगर फिरवलं
की भिंती, कवचं, टरफलं तळाशी बसली
आणि वर उरलं पिवळसर पाणी,
वरणाच्या निवळीसारखं.
त्याला मेलेलं म्हणवत नाही. ते अजून कामावर आहे.

आई डबा घेऊन जिना चढून आली.
"काय शिजवायलीस गं एवढ्या रातच्याला?"
औषध. विंचवाचं विष धरून ठेवील असं प्रथिन.
"कशात?"
कशातच नाही. पेशी नाही, पोट नाही,
वाढायचं नाही, पिल्लं काढायची नाहीत.
एक चिठ्ठी टाकली, वीस जातींचा शिधा, थोडं इंधन.
निवळी चिठ्ठी वाचते आणि करत बसते.

ती नळीकडे बघत राहिली.
"म्हंजे त्र्याण्णवला आपलं झालतं तसंच की."

तेव्हा मी दोन महिन्यांची.
गावात भिंत उरली नव्हती.
हिनं दगडांखालून तवा ओढून काढला,
पत्र्याच्या आडोशाला भाकरी थापल्या,
पीठ कुणाचं, विचारलं नाही.
दगड उचलताना धुरपदाकाकूला विंचू चावला;
औषध उमरग्याला होतं.
पुढचं आई कधीच सांगत नाही.

मला म्हणायचं होतं, तसंच नाही, आई,
ह्यांची घरं मी पाडलीत,
वेळ ठरवून, हातमोजे घालून.
म्हटलं नाही.

हे साधलं तर वाळवून भुकटी करायची,
फ्रीज नसलेल्या उपकेंद्रात कपाटात ठेवायची,
लागेल तेव्हा पाणी घालायचं. साधलं तर.
तीस अंशांवर चार तास झाले,
आणि नळी कालच्यासारखीच, परवासारखीच,
नुसतं पाणी.

आईनं डबा उघडला, पिठल्याचा वास खोलीभर.
"मीठ बगितलंस का?"
हसले. मग वहीचं पान उलटलं.
मॅग्नेशियमचं मीठ, नव्या बाटलीतलं,
जुन्या मापानं घातलेलं.

भाकरीचा तुकडा तोंडात,
मी पुन्हा बर्फाचा डबा उघडला.
ती स्टुलावर बसली, चपला काढून,
घाई नसल्यासारखी.