लिंबाएवढी जागा

मारिविकचा करार संपला
तेव्हा तिनं सगळं विकायला काढलं:
फ्रिज, पलंग, भात शिजवायचं भांडं, दोन पंखे,
आणि सोहारच्या दमट हवेत फुगलेला
उभा, तपकिरी पियानो.
फ्रिज तासाभरात गेला.
पियानोला कुणी विचारेना.
चाळीस रियाल, ती म्हणाली, मग पंचवीस,
मग माझ्याकडे बघत,
"तू तर वाजवतेस ना काहीतरी?"

वाजवते. गिटार. सव्वीस वर्षं.
पाठीवर मावते म्हणूनच घेतली होती.
नगरहून पुणं, पुण्याहून दमाम, दमामहून इथं,
दर वेळी विमानात डोक्यावरच्या कप्प्यात
माझ्याआधी झोपी गेलेली.
जिचा व्हिसा दोन-दोन वर्षांचा
तिनं वाद्य असं धरावं,
उचललं की निघालं.

गुलजान आणि त्याचे दोन भाऊ
पिकअपमधून घेऊन आले. तीन मजले.
जिन्याच्या प्रत्येक वळणावर
आतून एक घोगरा सूर पडायचा
आणि गुलजान थबकून विचारायचा,
"बाजी, आत कुणी बसलंय का?"

रात्री झाकण उघडलं
तर डावा हात गांगरला.
सव्वीस वर्षं तो नुसता दाबत आलाय,
बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत;
बोलायचं काम उजव्याचं.
आता हजेरीत अचानक त्याचं नाव पुकारलं,
आणि तो उभा राहिला, गप्प.

गिटारीवर एकच स्वर चार ठिकाणी सापडतो.
इथं नाही जमलं तर पाचव्या पडद्यावर, नवव्यावर,
थोडा कमी पडला तर तार ओढायची,
पोचतोच.
पियानोत प्रत्येकाला एकच घर.
दोन घरांच्या मधे काही नाही,
फट,
तीत मारिविकच्या कुठल्याशा विद्यार्थ्याच्या
पेन्सिलचं मोडलेलं टोक.
चुकले की चुकलेच.

हन्नाबाई भांबळ
दर बुधवारी, मिशन शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये,
माझ्या दोन्ही तळव्यांत एकेक लिंबू ठेवायच्या.
"आता टेकव बोटं. हात असा गोल.
लिंबू मी काढून घेईन,
लिंबाची जागा मोडायची नाही."
मोडली.
दहाव्या वर्षी सोडला मी पियानो.
कंटाळा आला, असं सांगते सगळ्यांना.
खरं तर त्या आजारी पडल्या
आणि मी बघायला गेले नाही,
मग बऱ्या झाल्या, तर तोंड कसं दाखवायचं?
पुढं हॉलला वाळवी लागली म्हणे.
त्यांचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

परवा सूकमध्ये पावशेर लूमी घेतली,
मिठाच्या पाण्यात उकळून
उन्हात काळी पडलेली लिंबं.
इथं कालवणात टाकतात.
वजन जवळपास नाहीच,
कानाशी हलवलं की बिया खुळखुळतात.
एक या तळव्यात घेतलं, एक त्या.
टेकवली बोटं.

एसी बंद केला, त्याची घरघर
सगळ्यांत नाक खुपसते.
पाच सूर वर, पाच सूर खाली,
त्यापुढचं आठवेना.
घाम कोपरापर्यंत.
डावा हात मागं राहिला.
थांबले. आला.
परत राहिला. परत थांबले.
खाली कॅफेटेरियात शिफ्टवरून आलेले
चहाला साखर मागत होते.

डाव्या अंगठ्याचा सूर पडला
आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारीची
तिसरी तार आपसूक थरथरली.
पुन्हा वाजवला. पुन्हा.
उठून तिच्यावर तळवा ठेवला,
झोपेत बडबडणाऱ्यावर ठेवतात तसा,
आणि परत येऊन बसले.

व्हिसा मार्चमध्ये संपतो.
गुलजानचा नंबर फोनमध्ये आहे.
लिंबं झाकणावर ठेवली आहेत,
आज कालवणात घालायची होती,
नाही घातली.